बाविसाचा पाढा

आमच्या साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये किस्से लोखंडाच्या चुऱ्यासारखे साचतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा तेवढेच! त्यातले बरेचसे गावडेकाकांचे. काका मालवणचे, आमचे सगळ्यात जुने फिटर. घेर सांगा, ते डाया, म्हणजे व्यास, सांगणार. साताने गुणायचं, बाविसाने भागायचं, आणि तेही तोंडी!

* * *

डिप्लोमा करून मी नवीनच लागले होते. पहिल्याच दिवशी ऐटीत विचारलं, "काका, पायची व्हॅल्यू किती डेसिमलपर्यंत घेऊ?"

"घे कितीय. आधी टेप सरळ धर गो!"

टेप पाइपावर तिरकी गेली होती. तेव्हापासून मी आधी टेप बघते.

* * *

बोरिवलीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी गोल टाकीचं झाकण सांगायला आले. "घेर सहासष्ट इंच."

"म्हणजे डाया एकवीस. टाकीत मासे पाळतलास काय?"

सेक्रेटरी ओशाळले. "टाकी भिंतीला लागून आहे ना! हात पोचला तिथपर्यंत, अर्धाच घेर मोजला."

काकांनी बेचाळीसचं झाकण केलं. झकास बसलं!

* * *

मग मालकांचा मुलगा निखिल इंजिनीअर होऊन आला. व्यास मोजायचा नवाकोरा डिजिटल कॅलिपर दाखवत म्हणाला, "काका, तुम्ही आता घरी आराम करा ना." त्या दिवशी त्यांचा डबा तसाच राहिला. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात मुलुंडच्या एका बिल्डिंगचा मेन पाइप फुटला. सात मजले पाण्याविना! फुटल्या जागी आवळायचा क्लॅम्प बनवायला डाया हवा, पण पाइप भिंतीला इतका चिकटून की कॅलिपर मागे जाईना, टेपही अडकली. "वाट लागली यार," निखिल म्हणाला.

काकांनी शर्ट वर केला आणि कमरेचा काळा करदोटा सोडला! पाइपामागून सरकवला, चिमटीत धरला, पट्टीवर ठेवला. "बावीस. डाया सात."

क्लॅम्प पहिल्या फटक्यात बसला. आम्ही सगळे कॉलर ताठ करून परतलो.

* * *

दुसऱ्या दिवशी निखिल नवा करदोटा घेऊन काकांसमोर उभा राहिला. "काका, सॉरी."

काकांनी टेप त्याच्या हातात दिली. "आधी माझो घेर मोज."

त्याने पोटाभोवती टेप फिरवली. "चव्वेचाळीस."

"डाया?"

निखिलचा हात फोनकडे गेला. मग हात खिशातच राहिला, ओठ हलले, आणि तो ओरडला, "चौदा!"

काकांनी करदोटा घेतला. "उद्या सकाळी आठ वाजता ये. कामाक!"