कुसुमच्या गावाचं सभागृह

फोन देवकाचा होता. देवका म्हणजे माझी नणंद कुसुम हिची शेजारीण. सौंसरला मी सकाळचा चहा ठेवत होते. "वहिनी, कुसुमबाई गेल्या जी," एवढंच ती बोलली आणि रडायलाच लागली. मी उलट तिच्यावरच ओरडले, "कुठं गेली? नीट सांग ना!" मोहगावला गेली असेल, बाजाराला गेली असेल, असंच मनात आलं... हार्टॲटॅक आला म्हणे, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

कुसुम माझ्याहून लहान, पण तोंडानं मोठी. मोहगावच्या पलीकडे संत्र्याच्या बागांमध्ये तिचं सासरचं गाव, मूठभर घरांचं. नवरा लवकर गेला, मुलगा नागपूरला नोकरीला. तिची सासू वारली तेव्हाची तेरवी मी विसरणार नाही. अंगणात पंगत बसली आणि गारा सुरू झाल्या. मांडव फाटला, पाहुणे लोकांच्या कोठ्यात बैलांशेजारी उभे राहिले. पत्रावळीत वरण कुठलं आणि पाणी कुठलं, कळेना. म्हातारीच्या नावानं कुणी चार घास सुखानं खाल्ले नाहीत. कुसुम भिजत उभी होती. मला म्हणाली, "वहिनी, या गावात मरायचीबी सोय नाई."

पुढे ती ग्रामपंचायतीत पंच म्हणून निवडून आली आणि एकच ध्यास धरला. गावांना सामुदायिक भवनासाठी राज्य सरकार अनुदान देतं, ते आपल्या गावाला मिळालंच पाहिजे. सौंसरच्या जनपद कार्यालयात, म्हणजे तालुक्याच्या पंचायत कचेरीत, खेटे घालायची आणि दुपारी माझ्याकडे जेवायला यायची, पिशवीत चार संत्री घेऊन. एकदा मीही सोबत गेले. साहेब म्हणाले, "अम्मा, आपका गाँव बहुत छोटा है, इसमें नहीं आएगा." पंचायतीच्या मोठ्या गावात बांधतो, तिथं या, असं त्यांचं म्हणणं. कुसुमनं पदर खोचला. "साहेब, लहान गावातला माणूस का लहान मरते? मयत घेऊन दुसऱ्याच्या गावात बसायले जाऊ का आमी?" साहेब हसले, पण फाईल त्यांनी बाजूला सारली नाही. तिच्या चिवटपणानं म्हणा की साहेबांच्या कंटाळ्यानं, अनुदान मंजूर झालं. भवन उभं राहिलं. लांबरुंद, पंखेबिंखे लावलेलं. दाराला लाल फीत बांधली गेली आणि मग सगळं अडलं.

लोकार्पण नेत्यांच्या हातानं व्हायचं होतं. कधी त्यांचा दौरा रद्द, कधी आचारसंहिता. तोवर कुलूप. चावी पंचायतीनं कुसुमच्याच हवाली केली होती. देवकाच्या मुलीचं लग्न ठरलं, तिनं भवन मागितलं, कुसुम नाही म्हणाली. गावात बोलाचाली झाली. मीही फोनवर तिला झापलं, "अगं, तुझ्या बापाचं आहे का ते?"

"बापाचं असतं तं कवाचंच उघडलं असतं! नळाचं आन् संडासाचं अनुदान अजून यायचं हाय, वहिनी. फीत कापायच्या आधी उघडलं आन् ते अटकलं तं? पुन्हा कोण खेटे घालन? मी तं थकून राहिली आता."

थकली म्हणाली ती. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, आणि मी त्यावर पंचायतीला दोन शिव्या देऊन फोन ठेवला.

तिची तेरवी तिच्याच अंगणात ठेवली. ऊन असं की मांडवाखाली जीव घाबरा व्हावा. म्हाताऱ्या बायका पदरानं वारा घेत होत्या, आणि समोर ते भवन कुलपात! माझं डोकंच फिरलं. कुसुमच्या घरात खिळ्याला लटकलेली भवनाची चावी काढली आणि तडक निघाले. पंचायतीचे सचिव जेवायला आलेले, ते मागं धावले. "वहिनी, लोकार्पण नाई झालं अजून..."

"नेते आले की दुसरी बांधा. जितक्या वेळा कापायची तितक्या वेळा कापा!" असं म्हणून मी ती फीत ओढून काढली.

आत जाळी-जळमटं असतील, कबुतरांची घाण असेल, असं धरूनच पदर नाकाला लावला होता. दार उघडलं. कुठं काही नाही. भिंती लख्ख, कोपरे साफ, खिडकीच्या गजांवरही बोट फिरवावं तर काही लागू नये. फरशीवर तेवढी धुळीची पातळ साय.

"रोज सकाळी फितीखालून वाकून येऊन झाडे जी बाई," देवका मागून म्हणाली. "कोणाच्या घरी काई झालं तं लगेच बसता आलं पायजे, म्हणे."

म्हणजे ती धूळ कुसुम गेल्यानंतरची होती... देवकानं कोपऱ्यातला झाडू उचलला. मी तिचा हात धरला. म्हटलं, "राहू दे." आणि त्या धुळीवरच फतकल मारून बसले. इतके दिवस कोरडी राहिलेली मी, तिथं हंबरडा फोडून रडले. मग एकेक करत सगळ्या बायका आत येऊन बसल्या.