सत्यशीलाबाईंची हजेरी

दिवाळी सरली की उमापूरच्या आसपासच्या वस्त्यांवर कुलपे दिसू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोयते, कोंबड्या भरून माणसे ऊसतोडीला निघून जातात. मागे राहिलेल्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालते, आणि वसतिगृह म्हणजे सत्यशीलाबाई, हे समीकरण आता जुने झाले आहे.

बाईंचे घर खाऊनपिऊन सुखी, दारात जीप असलेले. नवऱ्याच्या पश्चात त्यांनी या मुलांसाठी चूल मांडली, तेव्हा धाकटे दीर अमरसिंह फणकारले होते, "वैनी, आपल्या घरच्या बायकांनी गड्यांना कधी हातानं वाढलं न्हाई. आन् तुमी त्यांच्या पोरांचे शेंबूड पुसनार?"

"शेंबूड समद्यांच्याच पोरांना येतो, भावजी," एवढेच म्हणून बाईंनी पीठ मळायला घेतले.

त्यांचे बोलणे असे बेतशीर. शिस्त मात्र कडक. संध्याकाळी पंगत बसली की त्या एकेक नाव पुकारायच्या आणि मुलाने "हाय" म्हणायचे. सगळ्यांचा "हाय" आल्याशिवाय भाकरी ताटात पडत नसे. आईबापाविना राहणारे एखादे पोर अंधार पडता पडता आईबापांच्या ऊसाच्या फडाच्या ओढीने रस्त्याला लागते, हे त्यांनी एकदा अनुभवले होते.

बबनराव आणि जानकीबाई यांचा प्रविण पहिल्यांदा आला तो जणू मुकाच. नाव पुकारले की मान खाली. बाईंनी जबरदस्ती केली नाही. "तोंड उघडत न्हाई तर न्हाई. ताट तर वाजव. तू हायस एवढं मला कळू दे." पोराने वाटी उचलून ताटावर दोनदा आपटली. पुढे त्याला वाचा फुटली, इतकी की गप्प बसवावे लागे; पण हजेरी मात्र तो ताटावरच देत राहिला.

व्हरांड्यात मुले बाभळीच्या काठ्यांनी चिंध्यांचा चेंडू टोलवत. एके दिवशी तो थेट वरणाच्या पातेल्यात पडला. "पुन्हा चेंडू आत आला तर समद्यांचं जेवण बंद," बाईंनी बजावले. त्या दिवसापासून प्रविण स्वयंपाकघराच्या दारात उभा राहू लागला. अंगावर आलेला चेंडू तो छातीवर घ्यायचा, पायावर घ्यायचा, पण उंबरा ओलांडू द्यायचा नाही. पुढे खेळाच्या मास्तरांनी त्याच्या हाती खरी हॉकी स्टिक दिली आणि पुण्याच्या क्रीडा वसतिगृहाचे नाव काढले, तेव्हा बबनरावांचा जीव वरखाली झाला.

"एवढ्या लांब, बाई? आमाला त्यातलं काय कळत न्हाई."

"पाठवा. जबाबदारी माझी."

"मग तुमच्या भरवशावर पाठवतो."

बाई घरी आल्यावर अमरसिंहांनी सुनावले, "परक्याचं लेकरू हाय, वैनी. उद्या हातपाय मोडला तर त्याच्या मायबापाला काय तोंड दावनार?" ते वाक्य बाईंच्या मनात कुसळासारखे राहून गेले.

या डिसेंबरात प्रविण एकवीस वर्षांखालच्या मुलांच्या जागतिक हॉकी स्पर्धेत भारताचा गोलरक्षक होता. उपान्त्य सामन्याच्या दिवशी अमरसिंहांनीच घरचा टीव्ही जीपमध्ये घालून शाळेत आणला आणि पहिल्या ओळीतली खुर्ची पटकावली. बाई मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खेळ त्यांना फारसा कळत नसे. डोक्यावरच्या मोठ्या टोपात, जाडजूड पॅडमध्ये दडलेला प्रविण फक्त चालीवरून ओळखू येत होता.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात बेल्जियमच्या खेळाडूने जवळून मारलेला चेंडू प्रविणच्या हनुवटीखाली बसला. तो गुडघ्यांवर आला आणि मग आडवा झाला. माणसे धावली. पडद्यावर तेच दृश्य पुन्हा पुन्हा, सावकाश दाखवू लागले. मग त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेले आणि दुसरा गोलरक्षक आत आला.

अमरसिंहांनी मागे वळून बाईंकडे पाहिले. ते जुने कुसळ बाईंना पुन्हा टोचले. कनवटीच्या मोबाइलकडे त्यांचा हात गेला. आता बबनरावांचा फोन येणार. काय सांगायचे? त्यांनी फोन बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढे बसल्या, आणि काही न सुचून तवा घासू लागल्या. तवा अजून गरम होता, हे बोटे भाजल्यावर कळले.

"काकू!" सातवीतली आरोही धापा टाकत दारात आली. "चला की! बरोबरी झालीया. आता एकेक जन एकट्या गोलकीपरपुढं चेंडू घेऊन येनार हाय. आन् प्रविणदादा परत उतरलाय!"

"खरं सांग."

"तुमची आन!"

बाई धावल्या. टोप हातात घेऊन प्रविण गोलच्या दिशेने चालत होता. हनुवटीखाली मोठी पट्टी होती. त्याने टोप चढवला, गोलच्या खांबाजवळ थांबला आणि स्टिकने खांबावर दोनदा वाजवले.

"हाय," सत्यशीलाबाईंच्या तोंडून निघून गेले. पुढचे काही पाहायला त्या थांबल्याच नाहीत. पटांगणात येऊन त्यांनी फोन सुरू केला, तोच तो वाजला.

"अवो बाई, कवाचा लावतोय! फोन कावून बंद ठिवला?"

"बबनराव, प्रविण..."

"बगितलं की समदं. मुकादमाच्या मोबाइलवर सारी टोळी बघतीया. आमाला तुमचीच काळजी लागली. जानकी म्हनती, बाईंनी जीवाला लावून घेतलं आसंल."

"जबाबदारी माझी, म्हनले होते मी."

"घ्या! ऊस तोडताना कोयता पायावर बसतो, तवा आमी कुनाला जाब इचारतो का? लेकरू आपल्या खुशीनं उभं ऱ्हायलंय." मग फोन जानकीबाईंनी ओढून घेतला. "अक्का, दारात उभं ऱ्हायलं की चेंडू येनारच. त्यानं खांब वाजवला, बगितला का? हितं आमच्या पाचटाच्या कोपीत आलं तरीबी आसंच ताट वाजवतंय मेलं. लई वराडते मी त्याच्यावर."

बाई हसल्या. भाजलेल्या बोटांची आग आता कुठे जाणवू लागली.

खोलीतून मोठा गलका उठला आणि तसाच विरला. अमरसिंह पडेल चेहऱ्याने व्हरांड्यात आले.

"हरलो, वैनी. पोरानं दोन अडवले, पर बाकीचे सुटले."

"बरं झालं."

"बरं? अवो, हरलो म्हन्तोय मी!"

"ऐकलं, भावजी. तो चालत बाहेर आला का?"

"आला की. चांगला तरातरा."

"मग बरंच झालं. आता पोरांचे हातपाय धुवून घ्या आन् पंगत मांडा. हजेरी घ्यायची हाय."

अमरसिंहांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि ताटांची चळत उचलली.