कोंडिबाकाकांची जीभ

भांड्यातलं काहीही चाखण्याआधी कोंडिबाकाका ज्वारीच्या कोरड्या भाकरीचा तुकडा चावत, खळखळून चूळ भरत आणि डोळे मिटून उकिडवे बसत. हट्टा गावाच्या आसपासच्या लग्नांचे ते आचारी. बुंदीच्या पाकाकडून वरणाकडे, वरणाकडून वांग्याच्या भाजीकडे जाताना दर वेळी हा सोपस्कार. बाहेर वऱ्हाड भुकेनं कावलेलं आणि आचारी गप्प बसलेले! माझे वडील, आबा, चिडवायचे, "काका, जप झाला असंल तर वाढा की आता." पण काकांना घाई लावणारा माणूस अजून जन्मायचा होता.

"मंघाचं गोड जिभंवर ठिवून तिखटाची पारख करू न्हाई," ते म्हणायचे. "त्या भाजीचा काय गुन्हा?" तंबाखू याच पायी सोडलेली. स्वयंपाक उतरेपर्यंत चहालासुद्धा शिवत नसत.

माझी सरजामावशी प्रत्येक पंगतीत पहिल्याच घासाला नाक मुरडायची. सगळे तिला टाळत, काका मात्र म्हणत, "बाई तोंडाची फटकळ हाये, पण खोटं न्हाई बोलत."

गावात नुकते मोबाइल येऊ लागले होते, तेव्हा माझं लग्न झालं. महिन्यापूर्वी काका तापानं पडले होते. उठल्यावरचं हे पहिलंच काम. नटूनथटून मी खिडकीशी बसले होते, चुलाण समोरच. काकांनी चूळ भरली, भाजी चाखली. परत चूळ भरली, परत चाखली. तिसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी आबांना हाक मारली.

"आबा, मला मीठ कळून न्हाई राहिलं. तापात जीभ फिक्की पडली व्हती, म्हटलं येईल परत. न्हाई आली."

आबांच्या तोंडचं पाणी पळालं. इकडंतिकडं बघत ते कुजबुजले, "कुणाला बोलू नका. एवढ्या वर्षांचा हात हाये, अंदाजानं टाका."

"अंदाज बराबरच निघंल. पण चव न कळता मी मान न्हाई डोलवणार. लेकराचं लगीन हाये."

आणि भर मांडवात त्यांनी मावशीला बोलावलं. ती चोरून बुंदी खात होती. काकांनी तिच्या हातात भाकरी दिली, तांब्या दिला. "चूळ भर. डोळे मीट. बुंदी इसर."

जन्मभर नावं ठेवणाऱ्या माझ्या मावशीनं पळी दोन्ही हातांनी धरून भाजी चाखली. "मीठ कमी हाये," ती म्हणाली, इतक्या हळू की काकांनी पुन्हा विचारलं.

पंगत तृप्त होऊन उठली. काका मात्र भेटेल त्याला सांगत सुटले, "आजची चव मावशीची हाये. मही जीभ गेली. हे शेवटचं लगीन." पुढच्या दोन लग्नांची घेतलेली कामं त्यांनी तिथंच परत केली. मला फार वाईट वाटलं.

पाठवणीला ते जीपजवळ आले. "पोरी, जेवण कसं झालतं? लोक तं चांगलंच म्हणतेत. मह्या हातचं शेवटचं, अन् मलाच ठावं न्हाई. तू खरं सांग."

विधी आणि रडारड यांत दिवसभर माझ्या पोटात घास गेला नव्हता.

"लई चांगलं झालतं, काका. मीठ अगदी बराबर," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. जीप हलली. काका मान डोलवत उभे होते.