काचेतलं पाणी

आमच्या आप्पांनी प्रवासात कधी खिडकीबाहेर पाहिलं नाही. एसटी असो, जीप असो, नाहीतर दौंडहून पुण्याला जाणारी गाडी, बसले की नजर पायाशी. लग्न होऊन कारेगावात आले तेव्हा मला वाटलं, सासऱ्यांना गाडी लागत असेल. मी पिशवीत लिंबू ठेवायला लागले. आप्पा ते लिंबू तसंच घरी आणून मुकाट भाजीच्या टोपलीत टाकायचे.

आप्पा दौंडला कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते. ती इंजिनं बंद होऊन जमाना झाला, पण ह्यांच्या डोक्यातलं इंजिन काही थंड झालं नव्हतं. मी कुकर लावला की हे स्वयंपाकघराच्या दारात हजर. "सुनबाई, पाणी किती घातलं?" रोज. मी कंपनीत क्वालिटीला, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते, आणि घरी आले की हा माणूस माझा कुकर तपासतो. डोक्यात तिडीक जायची. एकदा मी फटकन म्हणाले, "आप्पा, भात हाय त्यो, मालगाडी न्हाई." ते दारातून हलले नाहीत. दुसऱ्या शिट्टीला म्हणाले, "बंद कर. आवाज कोरडा झाला." उघडून पाहिलं तर भात बुडाशी लागत आलेला. त्यानंतर मी वाद घालणं कमी केलं. पूर्ण सोडलं असं नाही.

खिडकीचं कारण मला फार उशिरा कळलं. सासूबाई गेल्या त्या वर्षी, ओट्यावर शेंगा फोडत बसलो असताना आप्पांनी आपणहून सांगितलं. नोकरी नवी होती, डायवर होते पीटरसाहेब. इंजिनात एक काचेची नळी असते. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं, आणि तिच्यावर नजर ठेवणं हे फायरमनचं काम. नगरकडच्या एका चढावर रुळाच्या कडेनं हरणांचा कळप पळत होता. आप्पा बघत राहिले. पाणी उतरत गेलं ते कळलंच नाही. चढ संपून गाडी उताराला लागली तसं उरलंसुरलं पाणी पुढे सरकलं, भट्टीचं छत कोरडं पडलं, तिथलं भोक बुजवणारा शिशाचा प्लग वितळला आणि वाफ भट्टीच्या दारातून बाहेर फुटली. पीटरसाहेबांनी आप्पांना मागे ढकलून दार लावलं. त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशीत त्यांनी सांगितलं की पाण्याकडे माझंच दुर्लक्ष झालं. आप्पा शेजारीच उभे होते.

"म्या तोंड उघडलं न्हाई, सुनबाई," ते म्हणाले. "हरणं बघितली म्या, आन् हात गेला त्यांचा."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. नातवानं मोबाइलवर निलगिरीच्या डोंगरात चढणारी वाफेची छोटी गाडी दाखवली, तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "कान हायत तवर एकदा आयकायचीय." टीव्हीचा आवाज तेव्हाच त्यांनी गल्लीभर ऐकू जाईल इतका वाढवलेला असायचा, पण दोष टीव्हीचा. माझ्या नवऱ्याला रजा मिळेना. मग मीच सुपरवायझरशी भांडून चार दिवस काढले आणि आप्पांना घेऊन दौंडला गाडीत बसले.

त्या डोंगरात इंजिन गाडीच्या मागे असतं, ढकलत नेतं. आप्पांनी हट्टानं शेवटच्या डब्यात इंजिनाजवळची जागा घेतली. गाडी सुटली, भक्कभक्क सुरू झालं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला सगळ्या भांडणांचं सार्थक वाटलं. लोक खिडक्यांतून मोबाइल काढून दरी टिपत होते. आप्पा नेहमीप्रमाणे खाली बघून ऐकत होते.

पाऊण तासानं त्यांनी माझं मनगट धरलं.

"इंजेक्टर लावला न्हाई त्यानं."

बॉयलरमध्ये पाणी ढकलतो तो इंजेक्टर. तो चालू असला की बारीक, उंच सूं असा आवाज येतो, हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी म्हणाले, लावला असेल, तुम्ही निवांत बसा. ते बसेनात. किती वेळ झाला, एकदाही आवाज नाही, एवढ्या चढाला पाणी झपाझप उतरतं, पुढे सपाटी लागली की प्लग जाणार. मनगटावरची बोटं घट्ट होत गेली. कपाळावर घाम. "गाडी थांबवायला सांग. भाजंल त्यो." शेजारची बाई लेकराला जवळ ओढून आमच्याकडे बघायला लागली. भक्कभक्क एवढं मोठं होतं की त्यात दुसरं काही मलाही उमगेना. ओरडावं आणि खोटं ठरलं तर सगळा डबा म्हाताऱ्याला हसणार. गप्प बसावं आणि खरं ठरलं तर? आणि हा माणूस एकदा गप्प बसल्याचं आयुष्यभर भोगत होता. मी उठले आणि दारात उभ्या असलेल्या झेंडीवाल्या गार्डला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. त्यानं समजुतीनं हात केला, पाण्याचा थांबा आलाच म्हणून.

गाडी थांबली तसे आप्पा काठी विसरून उतरले. इंजिनातल्या पन्नाशीच्या फायरमनला ना मराठी येत होती ना धड हिंदी. आप्पांनी हाताचा तळवा आडवा छातीशी धरला आणि भुवया उचलल्या. फायरमन हसला, आपला तळवा आडवाच कपाळापर्यंत नेला आणि बाजूला सरकून काच दाखवली. पाणी भरपूर. आप्पांना पटेना. त्यांनी बोटानं इंजेक्टर दाखवला. फायरमननं दांडी फिरवली.

सूं. स्वच्छ, उंच आवाज. मला ऐकू आला, शेजारच्या बाईच्या लेकराला ऐकू आला.

"चालू कर की," आप्पा म्हणाले.

फायरमनचं हसू मावळलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "चालू हाय, आप्पा."

ते बराच वेळ नुसते त्या दांडीकडे बघत राहिले. मला रडू आलं, आणि कुकरवरून त्यांना बोललेलं सगळं आठवून स्वतःची चीडही आली. डब्यात परत बसल्यावर मी तळवा आडवा कपाळापर्यंत नेला आणि मग खिडकीकडे बोट केलं. पाणी बघायला ती माणसं हायत, तुम्ही बाहेर बघा. त्यांनी आधी पायाकडे पाहिलं. पुढच्या पुलावर मान वर केली.

"लई खोल हाय गं," म्हणाले, आणि वरच्या स्टेशनापर्यंत मान खाली घातली नाही.

घरी आल्यावर कुकरचं विचारणं बंद झालं. मलाच करमेना. कुकर लावला की मी दारात जाऊन त्यांना तळवा दाखवायची, पाणी हाय म्हणून. ते मान डोलवायचे.

गेल्या थंडीत त्यांना दौंडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. खाट खिडकीशी, बाहेर रेल्वेचे रूळ. सकाळपासून त्यांची नजर सलाईनच्या बाटलीवर खिळलेली. डोळा लागला तरी दचकून उघडायचे, पाणी किती उतरलं ते बघायला. मी स्टूल ओढून समोर बसले, तळवा आडवा कपाळाशी धरला आणि खिडकीकडे बोट केलं. बाटली मी बघते, आप्पा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवली. मी सांगितल्याप्रमाणे बाटलीवरून नजर काढली नाही. नर्स आली, तिनं त्यांचं मनगट धरलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाटलीत अजून अर्धं पाणी होतं, आणि आप्पांचं तोंड खिडकीकडे होतं.