किसनाचा लोटा

पडदा वर जातो. पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेचा ओटा, १९७४ सालातल्या एका शनिवारची कोवळी उन्हं, फाटक्या सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेली चौथीची पोरं. मधोमध उभे तातेराव गुरुजी. पांढरा सदरा, पायजमा, हातात पुठ्ठा निघालेलं जुनं पुस्तक.

आज गुरुजींचा आवाज वेगळाच लागला होता. 'चिमाच्या सफरी' त्यांना आदल्याच दिवशी जालन्यात रद्दीच्या दुकानात सापडलं होतं. लहानपणी त्यांच्या गावी, धावड्याला, पाटलांची सून गिरिजाबाई ओट्यावर बसून हेच पुस्तक आणि ह्याच लेखकाची इतर पुस्तकं पोरांना वाचून दाखवायची. तातेराव महारवाड्यातला, तो समोरच्या निंबाखाली बसायचा. पुस्तकाला हात लावायची सोय नव्हती, ऐकायला मात्र कुणी मनाई केली नव्हती. त्या गोष्टींच्या नादानंच तो शाळेत गेला, शिकला, गुरुजी झाला. आणि गुरुजी झाल्यावर दरवर्षी वर्गाला त्याच गोष्टी तोंडपाठ सांगू लागला. चिमा आणि त्याचा दोस्त किसना भर उन्हात एकाच लोट्यानं पाणी पितात, हा प्रसंग तर गुरुजी असा रंगवत की कसलेल्या नटानं विंगेत उभं राहून पाहावं.

आज ते पहिल्यांदाच पुस्तकातून वाचत होते. विहीर आली, ऊन आलं, किसनाचा घसा कोरडा पडला. पोरांना पुढचं ठाऊकच होतं. सगळी एका सुरात म्हणाली, "मंग दोघं एकाच लोट्यानं पाणी पेले!"

गुरुजी पानाकडं बघत राहिले.

पानावर होतं ते असं : किसनानं लोट्याला हात लावला म्हणून चिमाच्या मामानं त्याला चाबकानं झोडपलं. चिमा पोट धरून हसला. आणि खाली लेखकानं स्वतःहून लिहिलं होतं, 'त्या जातीला तहान तरी माणसासारखी कुठून लागणार?'

"गुरुजी, पान चिकटलंय का?" पुढं बसलेल्या शिवकन्येनं विचारलं.

"सोमवारी वाचू," गुरुजी म्हणाले. पुस्तक मिटताना त्यांचं बोट आतच राहिलं, ते त्यांना कळलं नाही.

शाळा सुटताच त्यांनी सायकल धावड्याकडं काढली. सोमवारी पोरांपुढं कोणतं तोंड घेऊन उभं राहायचं? चौदा वर्षं आपण काय सांगत आलो?

गिरिजाबाई ओट्यावर सुपात बाजरी निवडत होती. डोळ्यांवर जाड चष्मा.

"गुरुजी झाला, तरी निंबाखालीच उभा राह्यतो का रे? वर ये."

तातेराव वर गेले. पान उघडून त्यांनी तिच्यापुढं धरलं. "बाई, हे तुम्ही वाचलं न्हाई."

तिनं पान डोळ्यांशी नेलं. "न्हाई वाचलं."

"का?"

"तू समोर बसून राह्यला होता. आ वासून. तुझ्याकडं बघून माझ्यानं वाचवलं न्हाई. मंग तोंडाला आलं ते सांगितलं."

"म्हंजी तो लोटा?"

"माझ्या पदरचा."

तातेरावांना हसावं की काय करावं ते समजेना. ज्या लेखकावर जीव जडला, तो कधी नव्हताच. जी होती, ती ही समोर. ते हळू म्हणाले, "गोष्टीत लोटा दिला, बाई. मला मात्र तुम्ही ओंजळीत वरून पाणी ओतत होता."

सूप थांबलं.

"सासू दारात उभी राह्यची," गिरिजाबाई म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. "न्हाई. मेलेल्या माणसावर कशाला ढकलू? ती गेल्यावरबी मी वरूनच ओतलं. गोष्टीत द्यायला काय जात होतं माझं?"

तातेरावांनी पुस्तक पिशवीत घातलं, तिला नमस्कार केला आणि निघाले.

सोमवारी पोरं वेळेआधीच सतरंजीवर हजर. गुरुजींनी पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं. शिवकन्येला धीर निघेना.

"गुरुजी, किसनाला पाणी भेटलं ना?"

"पुस्तकात न्हाई भेटलं, पोरी. गिरिजाबाईच्या गोष्टीत भेटलं, तिच्या ओट्यावर न्हाई. आज मी तिन्ही गोष्टी सांगतो, बराबर ध्यान देऊन ऐका."