इफ्ताहाची लेक

"कोनी सांगितलं गं तुला हे आनायला?"

भावानं माझ्या हातातलं ताट घेतलं, फडकं उचललं आणि चपाती चर्चच्या पायरीवरून खाली फेकली. कुत्र्यानं ती तिथंच खाल्ली.

मी दहा वर्षांची होते. चौसाळ्याजवळच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरं थोडी, चर्च पत्र्याचं. प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत येशूच्या आठवणीनं मोडून वाटायची चपाती दर महिन्याला एका घरातून यायची, ओळीनं. मागच्या खेपेला शेजारचं घर झालं होतं. आईला वाटलं, आता आपली बारी. भोळी बाई. सकाळी डोक्यावरून अंघोळ केली, नवं फडकं काढलं, गीत म्हणत चपाती लाटली. कुणाला विचारायला हवं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

"आमची बारी हाय," मी म्हणाले.

"ठिवलेल्या बाईला कसली आली बारी? तिच्या हातचं प्रभूच्या मेजावर चढत न्हाई."

हा माझा सावत्र भाऊ. बाप एकच, चर्चच्या मंडळीचा मुख्य पंच. लग्नाची बायको आणि मुलं चर्चशेजारी, माझी आई गल्लीच्या टोकाला, लग्नाशिवाय. बाप आत पहिल्या रांगेत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि गीताचं पुस्तक उघडलं. ठेवणारा मुख्य पंच होऊ शकत होता. ठेवलेलीची चपाती मात्र चालत नव्हती.

बाप मेला आणि भावांनी आम्हाला घराबाहेर काढलं. आई बीडला मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाक करू लागली. मी तिथंच शिकले, वकील झाले. आई म्हणायची, माफ कर, दुसरा गाल पुढं कर. गाल दोनच असतात. माझे दोन्ही झाले होते.

हॉस्टेलात एका दुपारी बायबल चाळताना मला इफ्ताह भेटला. लग्नाबाहेरच्या बाईचा मुलगा, सावत्र भावांनी हाकललेला. पुढं शत्रू चालून आला तेव्हा वडीलधारे त्याच्याच दारात आले. तुम्हीच मला घालवलंत, आता कशाला आलात, असं त्यानं तोंडावर विचारलं. लढतो, पण तुमचा प्रमुख मी होणार, अशी अट घातली. मी ताडकन उठून बसले. आमच्या चर्चमध्ये याच्यावर कधी उपदेश झाला नव्हता. कसा होईल!

त्या दिवसापासून माझी प्रार्थना बदलली. आधी मागायचे, देवा, मला त्यांच्या लायक कर. आता मागू लागले, देवा, त्यांना माझ्या दारात आण. याला कुणी आत्मिक वाढ म्हणणार नाही. मी म्हणते. देवासमोर मी पहिल्यांदा मान वर करून बोलत होते.

यंदा उन्हाळ्यात ते आले. एका पुढाऱ्यानं चर्चच्या कब्रस्तानात जेसीबी घातला होता आणि त्याच्याविरुद्ध केस घ्यायला कुणी वकील तयार नव्हता. पुढं भाऊ, मागं दोन पंच. मी बसा म्हटलं नाही.

"ताई," भाऊ म्हणाला. जन्मात पहिल्यांदा.

"तुमी आमाला हाकललं. आता कावून आलात?"

"जुनं कशाला उकरती? देवाचं काम हाय."

"मंग देवाकडं जा. माझ्याकडं आलात तर अट माझी. रविवारी मंडळीपुढं उभं राहून सांगायचं, ही माझी बहीण हाय, हिच्या मायची आमी बेइज्जती केली. आन केस जिंकले तर मुख्य पंच मी."

भावाचा चेहरा उतरला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एक पंच म्हणाला, "कबूल. पन तूबी शपत घे, त्या पुढाऱ्याला फुटनार न्हाईस म्हनून." माझी मुलगी दारात उभी होती. त्यानं तिच्याकडं बोट केलं. "हिच्या डोक्यावर हात ठिवून घे."

आमच्याकडं शपथ अशीच घेतात. मुलगी जवळ आली आणि माझा हात उचललाही गेला. सुडाची घाई झाली होती मला. हात तिच्या केसांपर्यंत पोचला आणि इफ्ताहाचं पुढचं आठवलं. जिंकण्यासाठी तो देवाला नवस बोलला होता, परतल्यावर घरातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा होम करीन. सामोरी आली एकुलती एक लेक. त्यानं शब्द पाळला. अपमान बापाचा, जळायचं पोरीनं.

मी हात मागं घेतला. मुलीला आत पाठवलं.

"शपत तुमी तुमच्या पोरांची घ्या. माझी पोर मी कुनाच्या तराजूत घालत न्हाई."

गरज त्यांना होती. शपथेशिवाय कबूल झाले.

रविवारी भाऊ उभा राहिला. पुटपुटत होता. मी त्याला परत, मोठ्यानं बोलायला लावलं. ऐकायला आई राहिली नव्हती. म्हणून माझं समाधान झालं नाही, होणारही नाही.

केस चालू आहे. ती मी जिंकणार. मुख्य पंचाच्या खुर्चीत बसणार आणि भावाला समोर उभं ठेवणार. माफी मागायला आला तर ऐकून घेईन, देणार नाही. माझ्या लेकीनं मात्र हे वैर पुढं चालवायचं नाही. माझा सूड माझ्यापुरता आहे. तो मी माझ्या हयातीत पुरा करणार.