काढून ठेव

माझी लेक दुसरीत गेली आणि तिची चित्रं एकदम शहाणी झाली. त्याआधी ती हाताला लागेल त्यावर रंगवायची. बिस्किटाच्या पुड्याचा आतला कागद, वर्तमानपत्राचा कोपरा, स्वतःची पोटरी, काहीही. गायीला सहा पाय असायचे, कारण गाय चालत होती म्हणे. मग दुसरीत बाईंनी फळ्यावर एक घर काढून दिलं, दोन डोंगर, मधे सूर्य, आणि सगळ्या वर्गाने ते उतरवून घेतलं. तेव्हापासून घरीही तेच घर आणि तेच डोंगर. गाय आलीच तर तिला चार पाय, एका रांगेत. मला ते बघवेना. मी स्वतः डिझाइनवर पोट भरतो. लोकांच्या मोबाइलमध्ये कुठलं बटण कुठे असावं हे ठरवणं माझं काम, आणि माझ्याच घरात पोरगी पट्टी लावून सूर्याचे किरण ओढत बसलेली. म्हटलं, हे चालायचं नाही. हिचं जे हरवलंय ते मी परत आणणार.

मग मी हात धुऊन त्याच्या मागे लागलो. ऑफिसच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या रांगेत, जिथे मिळेल तिथे मुलांसाठी गमतीदार चित्रकला शोधायची आणि फोनमध्ये साठवायची. कुणी वाळक्या पानांना पाय लावून पक्षी केलेले, कुणी भेंडीच्या चकत्यांचे ठसे उमटवून अख्खं जंगल उभं केलेलं, कुणी भांड्यांच्या सावल्यांना दाढीमिशा चढवलेल्या. बघून मलाच लहान झाल्यासारखं वाटायचं. हळूहळू मी आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर दर रविवारी एक कल्पना टाकायला लागलो. ग्रुपमधले बहुतेक आमच्यासारखेच, पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी हैदराबादला आलेले, मुलांचं मराठी टिकावं म्हणून अधूनमधून जमणारे. 'किती वेळ देता हो मुलीला,' असं कुणीतरी लिहायचं. खोटं कशाला बोलू, त्या वाक्याची मला चटक लागली.

बायको माझी इथलीच, बरकतपुऱ्याची. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकऱ्या आणि मास्तरक्या, आणि मराठी अगदी आरामशीर. त्यात 'हौ' असतं, 'नक्को' असतं, तेलुगू तर येता-जाता डोकावतं. आम्ही सासूबाईंच्याच घरात राहतो. मी मात्र पुण्याचा. ताटावर बसलेल्या पोरीने 'आजी, पप्पू वाढ' म्हटलं की मी घास खाली ठेवून म्हणणार, "पप्पू नाही, वरण." सासूबाई दोन्ही नावांनी तेच वाढायच्या.

तर चित्र. हॉलमध्ये सोफ्यामागच्या भिंतीवर मी खाकी कागदाचा भलाथोरला ताव चिकटवला. कल्पना अर्थातच शोधून आणलेली होती. आपलं शहर काढायचं, पण हात न उचलता, एकाच रेघेत. आधी शहर नीट बघायला हवं म्हणून एका रविवारी तिला अफझलगंजला घेऊन गेलो. मला वाटलं होतं, ती तिथल्या जुन्या लायब्ररीची इमारत बघेल, कमानी बघेल. तिने बघितली मिरच्यांची पोती. पोत्यांनी एका बाजूला कललेली हातगाडी, तिच्यामागे सटासट शिंकणारा माणूस, आणि पुलावरून, नाक दाबून, मुशी नदी.

घरी आल्या आल्या ती सोफ्यावर उभी राहिली आणि कागदाला भिडली. हातगाडीला तिने दोन डोळे काढले, एक वर आणि एक पार खाली, कारण ओझ्याने गाडीचं तोंड वाकडं झालेलं. मुशी जांभळी. तिच्यातून वास निघून वर चाललेले, आणि प्रत्येक वासाला एक इवलं नाक. मी बघतच राहिलो. वासाला नाक असतं हे मला जन्मात सुचलं नसतं. इतका आनंद झाला मला. हिच्यातली ती सहा पायांची गाय अजून जिवंत आहे, असं मनात आलं. आणि त्याच आनंदात मी म्हणालो, "मस्त झालंय गं. पण एका रेघेत कुठंय?"

त्या 'पण'ने पुढे घरात मुक्कामच ठोकला. छान आहे, पण हा रंग जरा कमी कर. भारी, पण इथे मोकळी जागा सोडली तर डोळ्याला बरं वाटेल. मला ती शिकवण वाटत होती. घरून काम असलं की ती शाळेत गेल्यावर मी चहाचा कप घेऊन भिंतीसमोर उभा राहायचो आणि हात शिवशिवायचे. आधी फक्त चित्रातल्या एका भिंतीची रेघ सरळ केली. मग नाकांपैकी काही फार गिचमिड वाटत होती, त्यांची वळणदार नक्षी केली, म्हणजे फोटोत नीट दिसतील. शेवटी काळा मार्कर घेऊन हातगाडीचा खालचा डोळा बुजवला आणि वर नवा काढला. आता दोन्ही डोळे एका ओळीत आले. गाडी गोड दिसायला लागली.

त्याच दिवशी दुपारी सासूबाई हॉलमध्ये आल्या, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, हे पोरीचं आहे का तुमचं?"

"तिचंच आहे. मी आपलं जरा नीट बसवतोय."

"हौ का," एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मला त्या 'हौ का'चा राग आला. यांना काय कळतंय, असं मनात म्हणालो, हे लिहायलाही आता लाज वाटते. संध्याकाळी मी चित्राचा फोटो ग्रुपवर टाकला. 'मुलीच्या हातात काय सफाई आहे,' असं एकाने लिहिलं. मी खाली हात जोडल्याची खूण टाकली.

लेक शाळेतून यायची, दूध पीत भिंतीसमोर उभी राहायची आणि बघायची.  नंतर नंतर ती फार थोडं काढायची, तेही खालच्या कोपऱ्यात, बारीक बारीक. मी बायकोला सांगितलं, बघ, किती एकाग्र झालीय पोरगी. बायको म्हणाली, "थकली असेल." मी तेही मनावर घेतलं नाही.

पुढे कौतुक इतकं वाढलं की ग्रुपमधल्या काही घरांनी चित्र बघायला यायचं ठरवलं. शनिवारची संध्याकाळ. कागदाचा उजवीकडचा तुकडा अजून कोराच होता. त्या दिवशी नेमकं मला ऑफिसात जावं लागलं आणि बायको कामासाठी सिकंदराबादला गेलेली. दुपारी मी घरी फोन केला. सासूबाई आडव्या झाल्या होत्या, म्हणून लेकीनेच उचलला.

"हे बघ, संध्याकाळी सगळे येणारेत," मी म्हणालो. "त्याच्या आत भिंतीवरचं सगळं चित्र काढून ठेव. अर्धवट नको."

"सगळं?"

"सगळं."

"मी काढू? तू नाही?"

"तूच काढ. तुझंच आहे ना ते."

"हौ."

"हौ नाही, हो."

"हो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी बेकरीतून बिस्किटं आणि समोसे घेऊन मी पोचलो, तर मंडळी जिन्यातच भेटली. बायको नुकतीच येऊन आत चहाचं आधण ठेवत होती. सगळे बोलत बोलत एकदम हॉलमध्ये शिरलो. भिंत रिकामी होती. चिकटपट्टी ओढताना जिथे रंग उडाला होता तिथे पांढरे पोपडे, बाकी काही नाही. लेक नवा फ्रॉक घालून सोफ्याशेजारी उभी होती.

"चित्र कुठंय?" मी विचारलं.

"काढलं."

"कुठे काढलंस?"

"भिंतीवरचं. पूरा काढलं. तू बोलला तसं. आणि ठेवलं पण."

ठेवलं होतं पलंगाखाली. एवढा मोठा ताव तिच्याने गुंडाळला गेला नसणार. घड्या घालून घालून चौकोन केलेला, घड्यांवर फाटलेला, कडेची चिकटपट्टी नदीवर चिकटून बसलेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या शाळेत ड्रॉइंग करतात. आजीशी आणि शेजारच्या पोरांशी बोलताना ती 'बोम्मा' टाकते, म्हणजे तेलुगूतलं चित्र. चित्र 'काढ' म्हणणारा घरात मी एकटा, आणि तेसुद्धा समोर खडू असताना. बाकी तिचं सगळं काढणं म्हणजे चप्पल काढ, मोजे काढ, केसातला गुंता काढ. फोनवर तिला ऐकू आलं ते एवढंच, की पाहुणे यायच्या आत तुझं ते भिंतीवरून काढून टाक.

मी काय करावं? मी हसलो. पाहुण्यांसमोर फजिती झाली होती, ती कुणाच्या तरी गळ्यात घालायची होती. मोठ्या आवाजात, हातवारे करून, मी सगळा किस्सा सांगितला. 'काढू?' 'काढ.' 'सगळं?' 'सगळं.' तिचा 'हौ'सुद्धा करून दाखवला. "ही आमची हैदराबादी मराठी," मी म्हणालो. "तरी मी रोज कानीकपाळी ओरडत असतो." लोक पोट धरून हसले. एकजण म्हणाला, हे ग्रुपवर टाकाच. लेकही हसत होती, सगळे का हसतायत हे न कळता माणूस हसतो तसं.

त्या हसण्यात एक बाई तिच्याजवळ खाली बसल्या. "अगं, पण इतके दिवस खपून केलेलं चित्र," त्या म्हणाल्या, "काढायला सांगितलं तर तुला वाईट नाही वाटलं? बाबाला विचारायचंस तरी, का काढू म्हणून."

"त्याला आवडत नव्हतं ते," लेक म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. पावसाचं सांगावं तसं सांगत होती. "बाबा रोज थोडं थोडं काढतच होता. आज मी बाकीचं काढलं."

कुणी हसलं नाही. माझ्या हातात बिस्किटांचा पुडा होता आणि तो खाली ठेवायचंही मला सुचेना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात, ते मी आजवर नाटकी समजत होतो. तिच्या मराठीत काही चुकलं नव्हतं. दोन्ही अर्थांनी खरं होतं ते. सासूबाईंनी ताटल्या मांडल्या, सगळ्यांना बसा म्हणाल्या, आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पाहुणे गेल्यावर मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. ती फ्रॉकचा बंद सोडवत होती.

"मला आवडलं होतं गं ते चित्र. अगदी मनापासून."

तिने विचार केला. "मग नीट का करत होतास?"

मी फोनमधलं साठवलेलं सगळं पुसून टाकलं आणि रविवारी ग्रुपवर काही टाकेनासा झालो, पण त्याने काय होणार. तो घडी घातलेला कागद मी उलगडून इस्त्री करून बघितला. घड्या गेल्या नाहीत. माझा काळा मार्कर मात्र जसाच्या तसा होता.

ती चित्रं काढते. आजीच्या खोलीत, पलंगावर पालथी पडून, पाय हलवत, स्वतःशीच बडबडत, आणि मधूनच दोघींचं हसणं ऐकू येतं. कालच कशासाठी तरी मी त्या खोलीच्या दारात गेलो. पोरीने माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने कागद उलटा केला. वर हात ठेवला. मी म्हणालो, काही नाही, चार्जर शोधतोय, आणि दार लोटून परत आलो.